ज्याचा त्याचा खड्डा

स्वतःच्या कामाला स्वतःच नावं ठेवण्याची आपल्याकडे एक जुनी आणि अत्यंत सुरक्षित पद्धत आहे. यजमानीणबाई आमटी वाढता वाढता म्हणतात, "आज काही मेली जमली नाही हो!" हे वाक्य कानावर पडताक्षणी पाहुण्यानं तोंडातला घास तसाच गालात सरकवून "छे छे! उलट आजच फक्कड झालीय!" असं म्हणायचं असतं. आमच्या ओळखीच्या एका सरळमार्गी गृहस्थांनी एकदा या ठिकाणी "हो, मीठ जरा पुढं आहे" असं उत्तर दिलं. त्या घरच्या पुढच्या कार्याचं आमंत्रण त्यांना आलं, नाही असं नाही. पण कार्य होऊन गेल्यावर आलं.

गवई मैफलीच्या आधी घसा बसल्याचं जाहीर करतो. कवी "सहज सुचलं, लिहिलं, फार काही नाही" म्हणत पिशवीतून जाडजूड वही काढतो. वक्ता "माझा या विषयावर अधिकार नाही" असं नम्रपणे सांगून पुढचा दीड तास तो सिद्ध करत बसतो. याला काही स्वतःला नावं ठेवणं म्हणत नाहीत. ही कौतुकाची उधारी वसूल करायची रीत झाली. खरोखर आपल्या वस्तूत काय बिघडलं, कुठं बिघडलं आणि त्याचा त्रास कुणाला झाला, हे शांतपणे सांगणारा माणूस मला आयुष्यात एकच ठाऊक झाला, आणि तो निघाला अमेरिकेत. त्याची ओळख करून दिली आमच्या भाच्यानं.

हा भाचा पुण्यात असतो आणि कॉम्प्युटरवरचे गेम तयार करतो. हा एक धंदा आहे आणि त्याचा पगारही मिळतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पटवायला त्याची चार वर्षं गेली. त्यात शब्दानंही घोटाळा केला. दोन वर्षांपूर्वी एका रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. फोन हिनं घेतला. पलीकडून तो ओरडला, "मामी, झाला एकदाचा गेम!" आमची ही गिरगावातली. मुंबईच्या वर्तमानपत्रात 'गेम केला' याचा अर्थ काय असतो, ते तिला पाठ. ती मटकन खाली बसली आणि म्हणाली, "अरे देवा! कुणाचा रे?"

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आला. गेम संपल्याचा आनंद चेहऱ्यावर असेल म्हणून हिनं शिरा केला होता, तर स्वारी आली ती दहाव्याला जाऊन आल्यासारखी. गेम असा होता: अंधारा वाडा, सतरा दारं, हातात एक दिवा, आणि दिव्यातलं तेल संपायच्या आत बाहेर पडायचं. तीन वर्षं खपून केलेला. खिशातून त्यानं एक वही काढली. वहीत त्या गेममधल्या चुकांची यादी होती. एक्केचाळीस.

"अरे, छानच झाला असेल," ही म्हणाली.

"मामी, तू खेळलीस?"

"मी कशाला खेळू? पण तू केलायस म्हणजे छानच असणार."

म्हणजे पुन्हा आमटीच. तो काही बोलला नाही. शिरा मात्र दोनदा घेतला. मग त्यानं लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "मामा, तुला आमच्या धंद्यातला एक संतपुरुष दाखवतो. त्यानं ईटी केला."

मला आधी 'एसटी' असंच ऐकू आलं. पाच आठवड्यांत केला, असं तो पुढं म्हणाला तेव्हा मात्र हे प्रकरण एसटीचं नव्हे, याबद्दल खात्री पटली.

या संतपुरुषाचं नाव हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ. १९८२ साली तो अटारी कंपनीत प्रोग्रामर होता. ही अटारी म्हणजे पंजाबात सरहद्दीवर आहे ते गाव नव्हे. घरच्या टीव्हीला जोडून खेळायचे खेळ विकणारी ही अमेरिकेतली बडी कंपनी. त्या वर्षी आपल्याकडे एशियाड झालं, दूरदर्शन रंगीत झालं आणि शेजाऱ्याच्या टीव्हीत रंग आले की नाही हे बघायला अख्खी चाळ लोटत होती. अमेरिकेतली पोरं मात्र तोवर टीव्हीला डबा जोडून, दांडका फिरवून, रंगीत ठिपके मारत बसली होती.

त्याच उन्हाळ्यात स्पिलबर्गचा 'ईटी' हा सिनेमा आला आणि तुफान चालला. परग्रहावरचा एक गोंडस, लांब मानेचा प्राणी पृथ्वीवर चुकून मागं राहतो आणि त्याला घरी फोन करायचा असतो, अशी ती गोष्ट. अटारीनं त्यावर खेळ काढायचे हक्क घेतले. त्यासाठी दोन-अडीच कोटी डॉलर मोजले, असं सांगतात. पण या वाटाघाटींत जुलै संपत आला. खेळ नाताळात दुकानात हवा. काडतुसं तयार करायला, म्हणजे डब्यात खुपसायच्या त्या प्लॅस्टिकच्या वड्या हो, त्यांना वेळ लागणार. म्हणजे प्रोग्राम १ सप्टेंबरला हातात पाहिजे. आपल्याकडे दिवाळी अंकाचे संपादक गणपती विसर्जनाच्या दिवशी फोन करून "एक विनोदी कथा, परवापर्यंत" म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

२७ जुलैला वॉर्शॉला वरून फोन आला. एरवी एका खेळाला पाच-सहा महिने लागत. त्याच्या हातात होते पाच आठवडे. तो "हो" म्हणाला. वय पंचविशीतलं, त्याचा 'यार्स रिव्हेंज' हा खेळ लाखांनी खपलेला. 'नाही' हा शब्द त्या वयात कुणाला येतो? दोनच दिवसांनी विमानानं नेऊन त्याला स्पिलबर्गसमोर उभा केला. स्पिलबर्गनं आराखडा ऐकला आणि विचारलं, की पॅकमॅनसारखं काहीतरी नाही का करता येणार? हा म्हणाला, नाही, काहीतरी वेगळं करू. मग त्यानं कामाचं यंत्र घरी आणून बसवलं आणि उठता-बसता तेच.

आणि जागा किती? तर त्या यंत्राची हाताशी असलेली स्मरणशक्ती होती १२८ बाइट. भाच्यानं हिशोब करून दाखवला: देवनागरीचं एकेक चिन्ह आजच्या कॉम्प्युटरात तीन बाइट खातं. म्हणजे बेचाळीस चिन्हं लिहिली की संपलं. एवढ्यात लग्नपत्रिकेवरचं गणेशस्तवन आणि कुलदैवत यांच्यापलीकडे काही मावत नाही. आपले नम्र बाहेरच राहतात. काडतुसाची जागा वेगळी, आठ किलोबाइट. एवढ्यात त्यानं एक जंगल, एक गाव, एक पोरगा, ईटीला पकडू बघणारा शास्त्रज्ञ, सामान हिसकावून नेणारा सरकारी माणूस, वाटेत सांडलेल्या गोळ्या आणि टेलिफोनचे तीन तुकडे असं सगळं बसवलं. ईटीनं तुकडे गोळा करायचे, फोन जोडायचा आणि घरी परत जायचं. प्रत्येक पावलाला त्याची शक्ती कमी होणार. तुकडे कुठं? तर खड्ड्यांत.

इथं आपण खड्ड्यांत आलो.

तो खेळ म्हणजे मुळात खड्डेच. ईटी चालायला लागला की पडलाच. मान लांब करून, तरंगत, कसाबसा वर यायचा, काठावर टेकायचा आणि पुन्हा पडायचा. एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर गेलं की कधी कधी थेट खड्ड्यातच. पाय खड्ड्याच्या चांगले बाहेर असले, तरी चित्रातलं डोकं खड्ड्याच्या चित्राला नुसतं टेकलं की यंत्राच्या हिशोबानं पडला. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा खेळ अतिशय वास्तववादी वाटला असता. रोज स्कूटरवरून खेळतोच आपण तो, शक्तीही प्रत्येक पावलाला कमी होतेच. पण अमेरिकेतल्या पोरांना ही सवय नव्हती. नाताळात आजी-आजोबांनी कौतुकानं काडतुसं दिली, खपलीही पंधरा लाखांच्या घरात. पण कंपनीनं काढून ठेवली होती त्याच्या दुपटी-तिपटीनं. उरलेली पडून राहिली, घेतलेली परत येऊ लागली. तशात बाजारात वाटेल त्यानं वाटेल ते खेळ काढून ढीग लावला होता. १९८३ साली अटारीला पन्नास कोटी डॉलरांहून जास्त खोट आली. त्या सप्टेंबरात न विकलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचराकुंडीत नेला, चिरडला, पुरला आणि वर काँक्रीट ओतलं. इतक्या सालंकृत अंत्यविधीनंतर लोकांनी सांगायला सुरुवात केली, की ईटी हा जगातला सर्वांत वाईट खेळ, आणि एका वॉर्शॉनं अख्ख्या धंद्याचा गेम केला. यावेळी हिला जो अर्थ वाटला होता, त्याच अर्थानं.

आता बघा. या माणसाच्या जागी तुमच्या-आमच्यातला कुणी असता, तर त्याच्याजवळ सबबींची काय दौलत होती! पाच आठवडे दिले. हक्क घ्यायला उशीर साहेबांनी केला. नको इतकी काडतुसं काढली ती विक्रीवाल्यांनी. धंदा बुडाला तो शंभर कारणांनी. आणि यातली एकही सबब खोटी नाही! खरी सबब हाती लागणं ही केवढी भाग्याची गोष्ट! आपल्याला खोटीवर भागवावं लागतं. आपला माणूस या भांडवलावर उरलेलं आयुष्य काढता, शिवाय एकसष्टीला त्यावर सत्कारही करून घेता.

वॉर्शॉ पाच आठवडे लपवत नाही, सांगतो. पण तिथं थांबत नाही. तो म्हणतो त्याचा मतलब असा, की खेळात माणूस अडला पाहिजे, अडणं हाच खेळ. पण अडणं वेगळं आणि भांबावणं वेगळं. माझ्या खेळात माणसं भांबावत होती. आपलं काय झालं, का झालं, हेच त्यांना कळत नव्हतं. ती चूक आराखड्यातली, म्हणजे माझी.

हे ऐकून मी लॅपटॉप थांबवायला सांगितला. इतकी सोपी गोष्ट मला साठ वर्षांत कुणी सांगितली नव्हती. सापशिडीत अठ्ठ्याण्णवावरच्या सापानं गिळलं की आपण कळवळतो, पण साप तिथं आहे, त्याचा जबडा उघडा आहे, हे आपण पंचवीस घरं आधीपासून बघत असतो. ते अडणं. शब्दकोड्यात तीन अक्षरी उभा शब्द येत नाही, तेही अडणंच. माणूस सकाळचा चहा थंड करतो, पण सुखात असतो. आणि भांबावणं म्हणजे? एखाद्या कचेरीत चार नंबरच्या खिडकीवर तासभर उभं राहावं आणि आतून "हे इथं नाही" एवढंच ऐकू यावं. मग कुठं? खिडकी बंद. आपण काय केलं म्हणून पडलो आणि काय केलं तर पडणार नाही, हे न कळणं. माणूस अडला की पुन्हा डाव मांडतो. भांबावला की काडतूस परत करतो. कचेरी मात्र परत करता येत नाही, हा कंपनी आणि कचेरी यांतला मुख्य फरक.

तेव्हा मला आमच्या अण्णांची पायरी आठवली.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७४ साली साताऱ्याला घर बांधलं. नकाशा त्यांचा, हिशोब त्यांचा, देखरेखही त्यांची. मोठ्या ताईचं लग्न ठरलेलं, पावसाळा तोंडावर, गवंडी मध्येच गावी गेला, दुसरा आणला. या गडबडीत माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या जमिनींत चार इंचांचा फरक राहिला. वर दोन्हीकडे तीच शहाबादी फरशी. म्हणजे पायरी होती, पण दिसत नव्हती. त्या पायरीवरून कोण कोण पडलं नाही? धोंड्याला आलेले जावई अनारशांच्या ताटासकट पडले. ताईचे सासरे पडले. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस पडला आणि पुढं बरेच महिने त्यानं आकडा दारातूनच अंदाजानं लिहिला. प्रत्येक पडणाऱ्याला अण्णा एकच सांगत: "बघून चालावं." घर उत्तम होतं, पायरी योग्य होती, माणसं आंधळी होती. आम्ही पोरंसुद्धा त्या घरात पायरीविषयी बोलत नसू.

आई मात्र रोज सकाळी सडा-रांगोळी झाली, की उरलेल्या रांगोळीची एक पांढरी रेघ त्या पायरीच्या काठावर ओढायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "उंबऱ्याला असावी." तिथं उंबरा नव्हता. ईटीतल्या खड्ड्यांची तीसेक वर्षांनी काही हौशी लोकांनी, जुन्या प्रोग्राममध्ये चार-दोन फेरफार करून, अशीच दुरुस्ती केली म्हणे: पाय पडले तरच पडायचं. या दुरुस्तीला 'पॅच' म्हणतात असं भाचा म्हणाला. आमच्या घरी तो तेवीस वर्षं रोज सकाळी ओढला जात होता आणि रोज संध्याकाळी पायांनी पुसला जात होता.

आई गेली. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं; पडणारे पडत होते, कुणाला कशाचं भान नव्हतं. चौदाव्या दिवशी सगळे पांगले. सकाळी मी चहा करायला उठलो, तर माजघराच्या टोकाला पांढरी रेघ. चांगली बोटभर जाड, दोन ठिकाणी तुटलेली, शेवटाला जरा वर गेलेली. आईची रेघ दोऱ्यासारखी सरळ असायची. अण्णा झोपाळ्यावर पेपर वाचत बसले होते. पेपर उलटा नव्हता, असं मी खात्रीनं सांगू शकत नाही. मी काही विचारलं नाही, ते काही बोलले नाहीत. पुढं नऊ वर्षं, ते होते तोवर, ती रेघ रोज ओढली गेली. "बघून चालावं" हे वाक्य मात्र त्या घरात पुन्हा ऐकू आलं नाही.

मला वाटतं, आपल्या कामातली खोट दिसणं हे काही फार अवघड नसतं. ती कर्त्याला सगळ्यांत आधी दिसते. अवघड असतं ते पडणाऱ्याची बाजू घेणं. आमटीवाल्या बाई स्वतःची बाजू घेत असतात, भाच्याची एक्केचाळीस कलमी यादीही, खरं सांगायचं तर, स्वतःभोवतीच फिरत होती: मी कसा कमी पडलो, मला कसं जमलं नाही. त्यात खेळणारा कुठं होताच कुठं? वॉर्शॉनं यादी केली नाही. एकच खड्डा दाखवला, पण तो खेळणाऱ्याच्या जागी उभा राहून दाखवला.

आणि म्हणून तो रडत बसला नाही. उलट तो सांगतो, की माझ्या खेळाला सर्वांत वाईट म्हटलेलं मला आवडतंच. 'यार्स रिव्हेंज'ला लोक उत्तमांत धरतात, तेव्हा एवढा मोठा पल्ला दुसऱ्या कुणाचा आहे? २०२० साली त्यानं आठवणींचं पुस्तक काढलं, आणि एक धंदा मारून आपण इतिहास घडवला, अशी थट्टा खुद्द पुस्तकाच्या नावातच केली. पुढं तो काय झाला, तर मानसोपचार करणारा. सिलिकॉन व्हॅलीतले कॉम्प्युटरवाले आता त्याच्यासमोर बसून आपापले खड्डे सांगतात. खड्ड्यांच्या बाबतीत इतका अनुभवी वैद्य त्यांना दुसरा कुठला मिळणार?

२६ एप्रिल २०१४ ला अलामोगोर्डोची ती कचराकुंडी उकरली. त्यावर एक माहितीपटही निघाला. धुळीचं वादळ सुटलेलं, लोक लांबलांबून येऊन रांगा लावून उभे, आणि तीस वर्षांपूर्वीची चेपलेली काडतुसं कचऱ्यातून वर येताहेत. वॉर्शॉ तिथं हजर होता. त्याला भरून आलं. आपली फजिती वर निघाली म्हणून नव्हे. इतक्या वर्षांपूर्वी पाच आठवड्यांत केलेली एक गोष्ट अजून माणसांना घराबाहेर काढते, म्हणून. पुढं त्यातलं एक काडतूस वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसलं. आपल्याकडे पुरलेल्या पुस्तकांना हे भाग्य अजून लाभलेलं नाही. अर्थात आपण पुरत नाही, रद्दीत घालतो; तिथं उत्खननाला वाव कमी.

माहितीपट संपला. भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्यानं वही काढली आणि कलमं खोडायला सुरुवात केली. चाळीस खोडली. एक ठेवलं: सातवं दार.

"मामा, एक काम करशील? हा गेम खेळ. माझ्यासमोर. मी काही बोलणार नाही."

मी बसलो. तो बाजूला पेन्सिल घेऊन बसला. सहा दारं मी शिव्या देत पार केली, त्या त्यानं इमानदारीत टिपून घेतल्या. सातव्या दाराशी अंधार. इकडे जावं तर भिंत, तिकडे जावं तर भिंत. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दिवा विझला. खेळ खलास.

"का विझला, कळलं?" एवढंच त्यानं विचारलं.

"नाही बुवा," मी म्हणालो. "तेल होतं की."

त्यानं मान हलवली, वही मिटली आणि पुण्याची गाडी पकडली. तीन आठवड्यांनी पुन्हा आला, पुन्हा मला बसवलं. सातव्या दाराशी दिवा पुन्हा विझला. पण या खेपेला विझायच्या आधी ज्योत दोनदा डावीकडे फडफडली होती. डावीकडे खिडकी होती, खिडकीतून वारा येत होता आणि मी मूर्खासारखा दिवा त्याच हातात धरून उभा होतो!

"कळलं?" भाच्यानं विचारलं.

"गप्प बस," मी म्हणालो. "आणि पुन्हा पहिल्यापासून लाव."

रात्री दीड वाजेपर्यंत मी त्या वाड्यात होतो. आतून हिचा आवाज आला, "अहो, झोपायचं आहे का? की आज तुमचाच गेम करायचा ठरवलाय त्यानं?"